धुक्यात जहाज दिसून नाही राहिलं? मग कानानं मारा

सायलेंट हंटर ३, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचा कॉम्प्युटर गेम, खेळणाऱ्या प्रत्येकाचं हे झालेलंच असते. उत्तर अटलांटिकमध्ये तीन दिवसांपासून धुकं, टाइम कॉम्प्रेशन कितीही वाढवा हटायचं नाव नाही, आणि मधातच सोनारवाला (पाण्यातले आवाज ऐकणारा) ओरडते की मर्चंट म्हणजे मालवाहू जहाज आहे, स्लो आहे, लाँग रेंज आहे. आपण धावत पेरिस्कोपवर जातो तर समोर नुसतं ताक. मग काय, आवाजाच्या दिशेनं नाक करायचं, फुल स्पीड सोडायची, अर्ध्या तासानं पाहायचं तर आवाज पाठीमागं गेलेला, मग चिडून दोन टॉर्पेडो अंदाजपंचे सोडायचे आणि सेव्ह लोड करायचा. मी वर्षभर हेच भैताडपण करून राहिलो होतो, म्हणून लिहून राहिलो.

तुम्ही म्हणाल नागपूरच्या माणसाला समुद्राचं काय कळते, आमच्याकडे पाणी म्हणजे फुटाळा नाहीतर अंबाझरी. पण लहानपणी अजनीत रेल्वे लाइनच्या बाजूला राहिलो आहे भाऊ. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं की मालगाडी आहे का पॅसेंजर, बुटीबोरीकडून येऊन राहिली का स्टेशनातून निघाली, भरलेली आहे का रिकामी. खिडकीतून काही दिसायचं नाही. धुक्यातली पाणबुडी म्हणजे तेच अंथरूण आहे, आवाज कुठून कुठं सरकून राहिला त्यावरून बाकी सगळं काढायचं.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. धुक्यात आपल्याला नडते ती रेंज, म्हणजे जहाजापर्यंतचं अंतर. चांगल्या हवेत आपण पेरिस्कोपातून मास्टची (डोलकाठीची) उंची मोजतो, रेकग्निशन मॅन्युअलमध्ये जहाज शोधतो आणि अंतर काढतो. धुक्यात मास्टच दिसत नाही तर उंची कशाची मोजता. म्हणून शॉटच असा घ्यायचा ज्याला रेंज लागत नाही. आपली बोट जहाजाच्या रस्त्याला बरोबर काटकोनात उभी करायची, टॉर्पेडो सरळ नाकासमोर सोडायचा, गायरो अँगल (सुटल्यावर टॉर्पेडोनं वळायचा कोन) शून्य. मग जहाज ६०० मीटरवरून जावो का १२०० वरून, कोणत्या बेअरिंगला (जहाज कोणत्या दिशेला आहे त्या अंशाला) फायर करायचं हे तेच राहते. अंतर वाढलं तर टॉर्पेडोला वेळ जास्त लागते आणि जहाजालाही तेवढंच जास्त यावं लागते, त्रिकोण फक्त मोठा होते, कोन बदलत नाही.

म्हणजे लागतात दोनच गोष्टी, जहाजाचा कोर्स (ते कोणत्या दिशेनं चाललं) आणि स्पीड. दोन्ही कानानं निघतात.

पहिले तयारी. हेडफोन घ्या. मे महिन्यात आमच्याकडे कूलर सुरू असला की स्पीकरवर हायड्रोफोन (पाण्यातला आवाज ऐकायचं यंत्र) म्हणजे टिनाच्या शेडवर पाऊस, काहीच कळत नाही. बोट २० ते २५ मीटर खाली न्या आणि स्पीड काढून टाका. त्याच्या आधी एक काम करून घ्या जे कोणी सांगत नाही: बोटीचं नाक बरोबर उत्तरेला करा. काहून, तर हायड्रोफोनचं चाक जे बेअरिंग दाखवते ते आपल्या नाकापासून मोजलेलं असते, नकाशावर रेषा मारायची असते खऱ्या उत्तरेपासून. नाक ०७० वर असेल तर प्रत्येक आकड्यात ७० मिळवत बसा, ३६० च्या वर गेलं की वजा करा, आणि घाईत एकदा तरी चुकाच. नाक उत्तरेला असेल तर जे वाचलं तेच मारलं. माझे निम्मे चुकलेले हल्ले या मिळवामिळवीत गेले आहेत.

आवाज ओळखणं सोपं आहे. मर्चंटचा पंखा संथ धप-धप करते, एस्कॉर्टचा, म्हणजे राखणीवरच्या लढाऊ जहाजाचा, बारीक आणि जलद, मिक्सरमध्ये चटणी फिरवल्यासारखा. बेअरिंग नीट काढायला मात्र सोनारवाल्याच्या भरोशावर राहू नका. चाक स्वतः फिरवा. डावीकडे आवाज कुठं मरते तो आकडा लिहा, उजवीकडे कुठं मरते तो लिहा, आणि मधला घ्या. डावीकडे ३३७ ला गेला, उजवीकडे ३४३ ला गेला तर बेअरिंग ३४०. सगळ्यात मोठा आवाज कुठं येते हे कानाला नीट सांगता येत नाही, कुठं बंद झाला हे बरोबर सांगता येते. आणि नकाशावर गेम स्वतःहून आवाजाची रेषा काढून दाखवत असेल तर तिच्या लांबीवर जाऊ नका, ती रेंज नसते.

आता खरं काम. स्टॉपवॉच सुरू करा आणि दर १० मिनिटांनी एक बेअरिंग घ्या. माझ्या एका गस्तीचेच आकडे देतो: पहिलं ३४०, दहा मिनिटांनी ३५४, वीस मिनिटांनी ०१३. नकाशावर आपल्या बोटीपासून या तीन रेषा लांबलचक मारून घ्या. एवढ्यात तुम्हाला एक तर कळलं की जहाज डावीकडून उजवीकडे चाललं आहे. बेअरिंग हलतच नसतं, म्हणजे तीनही वेळा ३४० आलं असतं, तर त्याचा अर्थ ते सरळ आपल्या अंगावर येऊन राहिलं. (किंवा सरळ दूर चाललं, ते आवाज वाढून राहिला का कमी होऊन राहिला त्यावरून कळते.) रिंग रोडवर बाजूच्या गल्लीतून येणारा टेम्पो काचेत एकाच जागी दिसत राहिला की ब्रेक मारावाच लागते ना, तोच प्रकार.

कोर्स काढायची युक्ती अशी. मधल्या रेषेवर, म्हणजे ३५४ च्या रेषेवर, बोटीपासून कुठंही एक टिंब द्या, समजा १० किलोमीटरवर. जहाज खरंच तिथं आहे का याच्याशी आता काही देणंघेणं नाही. त्याच रेषेवर दुप्पट अंतरावर, २० किलोमीटरला, दुसरं टिंब द्या. या दूरच्या टिंबापासून तिसऱ्या रेषेला समांतर एक रेषा खाली ओढा, ती पहिल्या रेषेला जिथं कापेल तिथून १० किलोमीटरच्या टिंबातून जाणारी रेषा मारा. हा झाला जहाजाचा कोर्स. शाळेत समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात म्हणून पाठ केलं होतं, त्याचा जन्मात हा एकच उपयोग मला सापडला. जहाज सारख्या वेळात सारखं अंतर कापते, म्हणून दुसरी जागा ही पहिली आणि तिसरीच्या बरोबर मधात असली पाहिजे, बस एवढंच त्याच्यामागं आहे. माझ्या आकड्यांवरून कोर्स निघाला ११३.

हे तेव्हाच चालते जेव्हा बेअरिंग बऱ्यापैकी बदललं असेल. पहिल्या आणि तिसऱ्यात १० अंशांपेक्षा कमी फरक असेल तर एका अंशाची चूकही कोर्स कुठल्या कुठं फेकून देते, अशा वेळी १० ऐवजी १५ किंवा २० मिनिटांचं अंतर ठेवा आणि तोवर एक चहा मारून या. बोट पूर्ण थांबवल्यावर डेप्थ हलायला लागली तर एक नॉटवर ठेवा, थोडी चूक येते पण चालते.

कोर्स मिळाला, पण जहाज त्या रेषेवर १० किलोमीटरला आहे का ६ ला हे अजून माहीत नाही. ते चौथ्या बेअरिंगनं कळते आणि इथंच पोट्टे आळस करतात. नकाशावर ज्या कोर्सची रेषा मारली आहे ती पहिल्या आणि दुसऱ्या रेषेमधात जेवढी लांब आहे तेवढाच तुकडा तिसऱ्याच्या पुढं अजून एकदा मोजा आणि तिथं टिंब द्या. आपण जागेवरच बसून राहिलो असतो तर तिसाव्या मिनिटाला आवाज या टिंबाच्या दिशेनं आला असता. माझ्याकडे हे ०३४ आलं, ती रेषा मारून ठेवली. आता जागेवरून हला! तिसरं बेअरिंग लिहिलं की लगेच वर या आणि पळा. टाइप सेव्हन सी ही गेममधली जर्मन पाणबुडी पाण्यावर १७.७ नॉटपर्यंत जाते, पाण्याखाली ७.६. वर यायला आणि परत डुबकी मारायला जाणारा वेळ सोडून मला आठ मिनिटं १६ नॉटनं मिळाली, म्हणजे जवळपास ४ किलोमीटर, आणि जहाज ज्या दिशेनं चाललं होतं त्याच दिशेनं म्हणजे ११३ वर मी पळालो.

पळायचं कुठं हे महत्त्वाचं आहे. आवाजाच्या दिशेनं सरळ पळालात तर जुनी रेषा आणि नवी रेषा जवळपास एकावर एकच बसतात, छेदतच नाहीत धड. आवाजाला आडवं पळा. आणि आडवं पळताना जहाजाच्या पुढच्या बाजूला पळा, म्हणजे मोजमापही होते आणि हल्ल्याची जागाही जवळ येते.

तिसाव्या मिनिटाला परत खाली, परत नाक उत्तरेला (वेळ नसेल तर मिळवामिळवी करा, पण कागदावर करा), बेअरिंग आलं ००२. नव्या जागेवरून ००२ ची रेषा मारली, ती जुन्या जागेच्या ०३४ च्या रेषेला जिथं कापते तिथं जहाज उभं आहे. मोजलं तर ७.४ किलोमीटर. त्या बिंदूतून ११३ ची रेषा मागं ओढत नेली, सुरुवातीच्या ३४० च्या रेषेपर्यंत अंतर आलं ७.८ किलोमीटर. एवढं ३० मिनिटांत, म्हणजे ताशी १५.६, एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, भागलं की साडेआठच्या आसपास. झालं! अर्ध्या तासात, काही न पाहता, जागा, कोर्स आणि स्पीड तिन्ही हातात.

नंतर धुकं विरळ झालं तेव्हा कळलं की जहाजाचा खरा कोर्स ११० होता आणि स्पीड ८. म्हणजे चूक तीन अंशांची आणि अर्ध्या नॉटची. पुढं दाखवतो की हे बिलकुल चालते.

युद्धाच्या कोणत्या वर्षात खेळून राहिले ते मात्र पाहा. १९४० मध्ये धुक्यात वर येऊन पळणं बिनधास्त. १९४३ मध्ये तेच केलं तर मरून जाल. मे १९४३ मध्ये ओएनएस ५ नावाच्या कॉन्व्हॉयवर (मालवाहू जहाजांच्या ताफ्यावर) यू-बोटींनी, म्हणजे जर्मन पाणबुड्यांनी, दाट गर्दी केली होती, डझनभर जहाजं बुडवली सुद्धा, मग रात्री धुकं दाटलं आणि सगळा खेळ उलटा झाला. एस्कॉर्टकडे १० सेंटिमीटरवालं रडार होतं, त्यांना धुक्यातून दिसून राहिलं होतं आणि यू-बोटींना नाही. त्या लढाईत सहा यू-बोटी गेल्या. रडारची चाहूल देणाऱ्या जर्मन मेटॉक्स रिसीव्हरला ही कमी वेव्हलेंग्थ ऐकूच येत नव्हती, म्हणजे धोक्याची घंटाही नाही. तर उशिरच्या वर्षांत पाण्याखालूनच पळा, सात नॉटनं दहा मिनिटांत दोन किलोमीटरच्या वर होते, रेषा थोड्या कमी कोनात कापतात पण काम होते. अमेरिकन बोटींवर सायलेंट हंटर ४ खेळून राहिले असाल तर गंगेत घोडं न्हालं, १९४२ पासून एसजे रडार मिळते, धुक्यात रेंज आणि बेअरिंग दोन्ही ताटात वाढून येतात, तुम्हाला हा सगळा भूमितीचा पेपर सोडवायची गरज नाही, खालचा फायरिंगचा भाग तेवढा वाचा.

आता हल्ला. जहाजाच्या कोर्सच्या रेषेवर त्याच्या चांगलं पुढं जा आणि रेषेपासून ८०० ते १००० मीटर बाजूला थांबा. याच्यापेक्षा जवळ नको, टॉर्पेडो ३०० मीटर धावल्याशिवाय आर्म (फुटायला तयार) होत नाही, आणि आपल्या रेषेत दोन-तीनशे मीटरची चूक असू शकते हे विसरू नका. रेषेला काटकोनात नाक करा. कोर्स ११३ आणि मी दक्षिणेच्या बाजूला, म्हणून माझं नाक ०२३. जहाज डावीकडून येणार. स्पीड काढा, पेरिस्कोप डेप्थ, हायड्रोफोनवर बसा.

टॉर्पेडो कोणता? चांगल्या हवेत दिवसा मी इलेक्ट्रिकच वापरतो, त्याचे बुडबुडे दिसत नाहीत. पण धुक्यात बुडबुडे पाहून कोण राहिलं? स्टीमवाला टी-१ घ्या आणि ४४ नॉटवर ठेवा. टॉर्पेडो जेवढा जलद तेवढी जहाजाच्या स्पीडमधली आपली चूक कमी नडते. टीडीसीमध्ये (टॉर्पेडोचा कोन काढणाऱ्या यंत्रात) डोकं घालू नका, मॅन्युअलवर टाका, टार्गेट स्पीड शून्य, बेअरिंग शून्य, गायरो ००० दिसला पाहिजे. टॉर्पेडो नाकासमोर जाणार, बाकी हिशोब आपण केला आहे. वादळ असेल, लाटा मोठ्या असतील, तर डेप्थ थोडी जास्त द्या आणि मॅग्नेटिकपेक्षा इम्पॅक्ट पिस्तूल (जहाजाला धडकल्यावरच स्फोट करणारा भाग) ठेवा, खवळलेल्या पाण्यात वरवर धावणारा टॉर्पेडो मधातच फुटते आणि सगळ्या समुद्राला निमंत्रण जाते.

फायर करायचं बेअरिंग काढायला जहाजाच्या स्पीडला टॉर्पेडोच्या स्पीडनं भागा आणि कॅल्क्युलेटरवर त्याचा टॅन इन्व्हर्स घ्या. साडेआठ भागिले ४४ म्हणजे जवळपास ११ अंश. जहाज डावीकडून येऊन राहिलं म्हणून ३६० वजा ११, म्हणजे ३४९. उजवीकडून येत असतं तर ०११. ज्याला भागाकाराचा कंटाळा आहे त्यानं ४४ नॉटच्या टॉर्पेडोसाठी एवढंच लिहून मॉनिटरला चिकटवावं: ६ नॉटला ८ अंश, ८ ला १०, १० ला १३, १२ ला १५. इलेक्ट्रिक ३० नॉटवाला असेल तर ६ ला ११, ८ ला १५, १० ला १८, १२ ला २२.

ट्यूबचं तोंड आधीच उघडून ठेवा, नाहीतर बटण दाबल्यावर तोंड उघडण्यातच बेअरिंग पुढं सरकून जाते. चाक ३४७ वर ठेवून वाट पाहा. आवाज तिथं आला की पहिला, ३४९ ला दुसरा, ३५१ ला तिसरा. १००० मीटरवर दोन अंश म्हणजे ३५ मीटर, तर तिन्ही मिळून ७० मीटरचा पट्टा झाकला जाते, आणि बऱ्यापैकी मालवाहू जहाज १०० मीटरच्या वर लांब असते. आता त्या चुकीचा हिशोब करा: खरा स्पीड ८ होता, त्याचं बरोबर बेअरिंग ३४९.७ निघते, माझा मधला टॉर्पेडो ३४९ ला गेला. एक अंशही फरक नाही. कोर्समधल्या तीन अंशांनी त्याच्यापेक्षाही कमी बिघडते. माझे तीनपैकी दोन लागले, पहिला बहुतेक नाकापुढून गेला.

स्टॉपवॉच सोबत लावा. ४४ नॉटचा टॉर्पेडो १००० मीटरला ४४ सेकंद घेते (हा योगायोग लक्षात ठेवायला बरा आहे). ३५ सेकंदांत धमाका झाला तर जहाज जवळून जाऊन राहिलं होतं, ५५ ला झाला तर दूर. पुढच्या टॉर्पेडोला याचा उपयोग नाही, पण दुसरं जहाज मागंच येत असेल तर त्याची रेषा आता पक्की कळली.

कॉन्व्हॉयवर ही चार बेअरिंगवाली भानगड करू नका, सगळे आवाज एकमेकांत मिसळून जातात आणि तुम्ही पहिलं बेअरिंग एका जहाजाचं आणि दुसरं भलत्याच जहाजाचं घेता. तिथं फक्त पूर्ण घोळक्याचा डावा आणि उजवा टोकाचा आवाज घ्या, मधला धरा, आणि बेअरिंग हलणार नाही अशा जागी पुढं जाऊन बसा. एस्कॉर्ट डोक्यावरून गेला की तुम्ही घोळक्याच्या मधात असाल, तेव्हा आवाज एवढा जवळ असते की धुक्यातही एखादी काळी भिंत दिसते. यूबोट आणि वुल्फपॅक या दुसऱ्या पाणबुडी गेममध्ये बटणं वेगळी आहेत, रेषा ह्याच.

आणि एक. हायड्रोफोन झेंडा दाखवत नाही. मागच्या डिसेंबरमध्ये, आमच्याकडे पण सकाळी बाल्कनीतून समोरची बिल्डिंग दिसत नव्हती अशी हवा, मी हे सगळं मन लावून केलं, चार बेअरिंग, काटकोन, ३५० ला फायर, दोन्ही टॉर्पेडो बरोबर मधात. आरडाओरड करून घर उठवलं. जवळ जाऊन पाहतो तर बाजूवर स्वीडनचा झेंडा मोठा रंगवलेला. न्यूट्रल! रिनाउन, म्हणजे गेममधले गुण, मायनसमध्ये. तेव्हापासून आवाज ३३५ च्या आसपास आला की एकदा पेरिस्कोप वर करतो, दहा सेकंद पाहतो, काही दिसलं नाही आणि सोबत एस्कॉर्टचा मिक्सरही वाजत नसेल तर जाऊ देतो त्याला. कोर्स आणि स्पीड कागदावर आहेच, तासभर मागं मागं राहून धुकं विरळ व्हायची वाट पाहता येते.